भावसिंगच्या गावची नवाई

धुळ्याच्या आमच्या घराला मागच्या बाजूने एकच खिडकी होती आणि ती नेमकी हॉस्टेलच्या चुलींकडे उघडायची. त्यामुळे माझं कॉलेजातलं पहिलं वर्ष आठवायचं म्हटलं की आधी डोळ्यांत धूर जातो. नाना, म्हणजे माझे वडील, कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि हॉस्टेलचे रेक्टरही होते. आवाराच्या कोपऱ्यातलं दोन खोल्यांचं घर त्यांना त्यापायी मिळालं होतं. हॉस्टेल एक, विहीर एक, पण चुली ज्याच्या त्याच्या. आमच्या पूर्वेकडच्या, बोदवडकडच्या लेवा पाटलांच्या मुलांचा स्वयंपाक वेगळा, साक्रीकडच्या कुणबी मुलांचा वेगळा, गुजरांचा वेगळा, आणि ब्राह्मण-वाण्यांची जी काही मुलं होती त्यांचा पडवीत आडोसा करून आणखी वेगळा. युसुफ म्हणून एरंडोलचा एक मुलगा होता, त्याचा डबा गावातल्या मावशीकडून यायचा आणि तो बिचारा खोलीचं दार लोटून घेऊन जेवायचा. सगळ्यांच्या मागे, कडुनिंबाखाली, तीन दगड मांडून भावसिंग पावरा आणि त्याच्याकडची दोन मुलं आपली भाकर भाजायची. सकाळी सगळीकडे एकाच वेळी भाकरी थापल्या जात. खिडकीत उभं राहून ऐकलं तर कुठली थाप कुठल्या चुलीवरची हे सांगता यायचं नाही.

परवा त्याच कॉलेजातून दोन मुली घरी आल्या होत्या. वेगवेगळ्या भागांतून आलेल्या विद्यार्थ्यांना जवळ आणण्यासाठी काही कार्यक्रम आहे, त्यात जुन्या आठवणी सांगा म्हणाल्या. मी गुडघ्यांचं कारण पुढे केलं. गुडघे दुखतातच, ते काही खोटं नाही. पण त्यांना भाषण हवं होतं, आणि माणसं जवळ आणण्याच्या उद्योगात भाषणाचं काम किती थोडं असतं आणि पीठ चाळण्याचं किती, हे मला त्यांना दहा मिनिटांत सांगता आलं नसतं. चहा पिऊन त्या गेल्या. मग दुपारभर मलाच ते सगळं आठवत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

एक चूल करायची हे नानांच्या डोक्यात फार दिवस होतं. ते रागावणारे नव्हते. एकच गोष्ट शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत राहायचे, समोरचा कंटाळेपर्यंत. बहुतेक वेळा आधी तेच दमून जायचे. संध्याकाळी चपला काढून ओट्यावर बसले की पाय चोळता चोळता मायला सांगायचे, आज सुकलालशी बोललो, आज गुजरांच्या पोरांशी बोललो. माय निवडत असलेलं धान्य बाजूला न करता हुं म्हणायची. तिचं माहेर एदलाबादकडचं, सासर बोदवडजवळचं, आणि दोन्हीकडे घरात चार बायका हाताशी. धुळ्यात ती एकटी. नानांचं सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणायची, "तुमची एक चूल व्हईन तवा व्हईन, पन तिच्यावर थापीन कोन, हे कोनी बोलत नही."

त्या हिवाळ्यात मात्र ती गोष्ट बोलण्यावर राहिली नाही. संस्थेच्या चिटणीसांनी आवाराची पाहणी केली आणि कडुनिंबाखालचा उघड्यावरचा स्वयंपाक बंद करा म्हणून नानांना बजावलं. घाण होते, पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही. त्या मुलांना कुठल्या तरी स्वयंपाकघरात सामावून घ्या, नाही तर संक्रांतीच्या आत हॉस्टेल सोडायला सांगा. सामावून कोण घेणार? एकाही चुलीवरच्या मुलांनी हो म्हटलं नाही. तोंडावर नाही म्हणायला ती काही वाईट मुलं नव्हती. घरी काय म्हणतील, आमचा आचारी ऐकणार नाही, पुढच्या वर्षी बघू, असं प्रत्येकजण म्हणाला आणि त्यातलं प्रत्येक कारण खरं होतं. नानांना याचाच शीण यायचा. वाईट माणसाशी भांडता तरी येतं, असं ते म्हणायचे.

भावसिंग माझ्याच वर्गात होता. शिरपूरच्याही वर, सातपुड्याच्या पायथ्याला त्याचं गाव. बसने उतरल्यावर पुढे चालत जायचं. त्याच्या अख्ख्या गावातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. अंगाने काटक, केसांना भरपूर तेल, आणि बोलायला लागला की सगळं हॉस्टेल हसायचं, कारण आमच्यापैकी कुणी बोलत नव्हतं असं शुद्ध मराठी तो बोलायचा. त्याची घरची बोली पावरी. मराठी त्याला पुस्तकातून मिळालेलं, म्हणून तो "मी जलपान करून येतो" असं म्हणायचा. तसं तर त्याच्या सगळ्याच गोष्टींना हसू असे. झाडाची पानं तोडण्याआधी तो झाडाला हात लावून काही पुटपुटायचा, त्यालाही हसू. तो कधी रागावला नाही. हळूहळू बोलायचाच कमी झाला. हॉस्टेल सुटलं असतं तर धुळ्यात त्याला खोली कुणी दिली नसती. तो परत गेला असता आणि पुन्हा आला नसता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी नानांना भरीत सुचलं. आमच्या पूर्व भागात हिवाळा लागला की शेतात भरिताचं जेवण करायची रीत आहे. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, पांढरट हिरवी मोठी वांगी त्यात खरपूस भाजायची, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. बरोबर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेल्या पिठाची. मांडी घालून काळ्या मातीवरच बसायचं. नानांचं म्हणणं असं की शेतात जेवताना सोवळंओवळं कुणी बघत नाही, घरात शिवू न देणारा माणूसही बांधावर शेजारी बसून जेवतो. तेव्हा आपण हॉस्टेलच्या मागच्या रिकाम्या जागेला शेत समजू. एकदा सगळे एका पंगतीत जेवले की पुढचं सोपं आहे. मायने विचारलं, "भाकरी?" नाना म्हणाले, "तू आहेस, इंदू आहे." इंदू म्हणजे मी.

सुकलालला त्यांनी महिनाभर खर्चून वळवला होता. तो साक्रीकडच्या मुलांचा म्होरक्या, गावच्या पाटलाचा मुलगा, आवाज मोठा आणि मानाला फार जपणारा. तो बसला की त्याच्या चुलीवरचे सगळे बसणार आणि ते बसले की बाकीचेही येणार, असा हिशेब होता. भावसिंगच्या शेजारी बसायला तो कबूल झाला. त्याच्या घरी कळलं असतं तर त्याला तिकडून बोलावणंच आलं असतं, इतकं ते अवघड होतं.

नानांनी गावाहून काकांकरवी ज्वारी मागवली. बोदवडला गाडीत चढवलेलं पोतं जळगाव, चाळीसगाव करत आमच्या दारात आलं तेव्हा मायने मूठभर हातात घेऊन हुंगली. नवी ज्वारी, खळ्यावरून थेट आलेली, दाणा मोत्यासारखा. आम्ही दोघींनी सकाळपासून भाकरी केल्या. हात पिठाने आणि डोळे धुराने भरले. त्या दिवशी बाहेरून येणारे आवाज मला अजून आठवतात. काड्यांचा चटचटाट, बडगीत पडणारे ठोके, आणि एरवी आपापल्या कोपऱ्यात बसणाऱ्या मुलांची एकमेकांच्या भाजण्यावर चाललेली टीका. लेवांची मुलं शेफारली होती, कारण भरीत त्यांचं. गुजरांची मुलं लांबून बघत होती, तीही शेवटी आली. मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करते. माय म्हणाली, इतकी हसू नको, भाकर करपते.

पंगत बसली. पानं वाढून झाली. आणि नाना उभे राहिले. त्यांना राहवलं नाही, एवढंच. ते म्हणाले, "मुलांनो, ही ज्वारी माझ्या शेतातली. अजून माझ्या घरातल्याही कुणी तिची चव घेतलेली नाही. या वर्षीच्या नव्या धान्याचा पहिला घास तुमचा." आमच्याकडे पाहुण्याला याहून मोठा मान नसतो. मुलांनाही ते भावलं. सगळ्यांनी भाकरीला हात घातला. भावसिंगने भाकर मोडायला घेतली होती, त्याचा हात थांबला. त्याने ती भाकर पानावरून उचलली, पानाच्या कडेला मातीवर न ठेवता आपल्या रुमालावर ठेवली, आणि खाली मान घालून नुसतं भरीत खायला लागला.

सुकलालच्या ते लगेच लक्षात आलं. त्याने आधी हळू आवाजात विचारलं, मग मोठ्याने. "भाकर का बरं खात नही तू?" भावसिंग म्हणाला, "मला खाता येणार नाही." सुकलाल म्हणाला, "आमना पंगतनी भाकर तुले चालत नही का? मी मना बापले न सांगता तुना शेजारे बसनू, आनि तू माले सोवळं दखाडस?" भावसिंगने मान आणखी खाली घातली. त्याचे कान लाल झालेले मला चुलीजवळून दिसत होते. नाना घाईने आले, पण तोवर सुकलाल पानावरून उठला होता, त्याच्यामागे त्याची मुलं, आणि मग ज्यांना मुळात यायचंच नव्हतं ते सगळे. उरलेल्या भाकरी आम्ही गाईला घातल्या. संध्याकाळी नानांनी पाय चोळायला घेतले तेव्हा मायने तेलाची वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि आत गेली.

पुढच्या काही दिवसांतच दुपारच्या वेळी भावसिंग आणि युसुफ पत्र्याची एक पेटी दोन बाजूंनी धरून आमच्या ओट्यावर आले. पेटी भावसिंगची होती. निरोप घ्यायला आलो आहे, असं तो त्याच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाला. नाना त्याला बस म्हणाले. मी दारात हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते, माय आत होती. मग युसुफ म्हणाला, "नाना, हा सांगत नाही, मी सांगू का?" आणि भावसिंगकडे बघून म्हणाला, "सांग ना रे. मला सांगितलंस तसं सांग."

मग भावसिंगने सांगितलं. त्याच्या गावात नवं धान्य तोंडाला लावण्याआधी नवाई करतात. पुजारा रानातल्या देवाला नवं कणीस, नवा दाणा वाहतो, गाव एकत्र जमतं, आधी देवाला, मग शेजाऱ्याला, मग आपल्या घराला. ती होईपर्यंत गावातला माणूस कुठेही असो, कुणाच्याही घरी असो, नवं धान्य खात नाही. एकाने खाल्लं तर ते सगळ्या गावाला बाधतं. या वर्षी त्यांचा म्हातारा पुजारा तापाने आजारी होता, तो उठून बसेपर्यंत नवाई होणार नव्हती. पंगतीतली भाकर कुठल्या ज्वारीची हे भावसिंगने मुद्दाम विचारलं नव्हतं; नानांनी सांगितलं नसतं तर त्याने बहुधा ती भाकर खाल्लीही असती. पण सांगितल्यावर त्याचा इलाज उरला नाही. नाना ऐकता ऐकता ओट्याच्या खांबाला टेकले. ते म्हणाले, "मी चांगलं म्हणून ते आणलं रे." भावसिंग म्हणाला, "ते मला ठाऊक आहे, सर."

नानांनी सुकलालला बोलावून घेतलं. तो आला, पण ओट्यावर बसला नाही, अंगणातच उभा राहिला. सगळं ऐकून घेतल्यावर तो भावसिंगला म्हणाला, "मंग पहिलेच सांगाले काय व्हयनं व्हतं?" भावसिंग म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही सगळे हसला असता. सांगितलं नाही म्हणून रागावलात. मला राग परवडतो." हे त्याने भांडण्यासाठी म्हटलं नव्हतं. तो दमला होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं, आणि त्याच्या वयाच्या मुलाला इतकं दमलेलं बघवत नाही. हसणाऱ्यांत सुकलालच पुढे असायचा. युसुफने मग त्याला हळूच आठवण करून दिली की मागच्या रोज्यांच्या दिवसांत सुकलालच संध्याकाळी चहा घेऊन युसुफच्या खोलीत थांबायचा, तू रोजा सोडल्याशिवाय मी पिणार नाही म्हणायचा. सुकलाल म्हणाला, "ती गोट येगळी व्हती." कशी वेगळी, असं कुणी विचारलं नाही. तो पायाच्या अंगठ्याने मातीत रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "कितला दिन लागतीन तुना पुजाराले बरं व्हवाले?"

"माहीत नाही," भावसिंग म्हणाला.

"मंग जुनीच जवारी खाऊत. याना गावनी नवाई व्हई तवलोंग बठ्ठासले जुनीच," सुकलाल नानांना म्हणाला, म्हणजे नवाई होईपर्यंत सगळ्यांनाच जुनी, आणि पेटीची एक कडी स्वतः धरून ती परत हॉस्टेलकडे घेऊन गेला.

अशी ती एक चूल पेटली. सगळे आले नाहीत. गुजरांची मुलं आपली वेगळीच राहिली, पडवीतला आडोसाही निघाला नाही. पण साक्रीकडचे, लेवांपैकी बरेचसे, युसुफ, भावसिंग आणि त्याचे दोघे असे एका चुलीवर आले. त्या चुलीचा आचारी दुसऱ्याच दिवशी आपला पंचा खांद्यावर टाकून निघून गेला, या सगळ्यांचं रांधायला मी आलो नाही म्हणाला. मग सखूबाई म्हणून एक बाई मदतीला मिळाली आणि बाकीचं माझ्या मायवर आलं. जुनी ज्वारी म्हणजे काय, हे ज्याने निवडली आहे त्यालाच ठाऊक. कणगीच्या तळातली, किडे लागलेली, अर्धी पोकळ. ती उन्हात घालायची, पाखडायची, निवडायची, दळून आणली की पुन्हा चाळायची, आणि एवढं करून भाकरीला चिरा पडायच्या. मी कॉलेजातून आले की पदर खोचून चाळायला बसायची. मायची मनगटं सुजली होती. ती म्हणायची, "तुह्या नानाले सांग, चूल त्याहीनं पेटवली, आता भाकरीबी त्याहीनंच थापा म्हना." मी सांगत नव्हते, कारण नाना खरंच थापायला बसले असते आणि ते आणखी वाढीव काम झालं असतं.

मुलं कुरकुर करायची. कडू लागते, खडा लागतो, आमच्या घरी नव्या ज्वारीचा हुरडाही खाऊन झाला असेल. जेवायला बसलं की कुणी तरी भावसिंगला विचारायचं, "काय रे, उतरला का ताप तुझ्या पुजाऱ्याचा?" सुरुवातीला तो टोमणाच होता. पण तोच टोमणा रोज मारायचा म्हटलं की उत्तरही ऐकावं लागतं. भावसिंगच्या गावाकडून बाजाराला कुणी शिरपुरात आलं की बसच्या कंडक्टरमार्फत निरोप यायचा. आज पेज प्याला, आज पुन्हा अंग तापलं. ज्यांनी सातपुडा लांबून निळा दिसतो एवढाच पाहिला होता, ती मुलं त्या कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याच्या तापाची काळजी करायला लागली. लेवांच्या एका मुलाने आपल्या वैद्य मामाकडून काढ्याची पुडी आणून कंडक्टरकडे दिली. म्हाताऱ्याने ती घेतली की फेकली, कुणास ठाऊक. मला वाटतं त्या मुलांचं एकत्र येणं जे काही झालं ते याच दिवसांत झालं. पण ते तेव्हा तसं दिसत नव्हतं. तेव्हा नुसती किडकी ज्वारी दिसत होती.

संक्रांत जवळ आली तेव्हा चिटणीस पुन्हा येऊन गेले. कडुनिंबाखालचे दगड थंड होते, ते बघून ते खूश झाले आणि नानांना शाबासकी देऊन गेले. ती चूल पुढे नाना होते तोवर टिकली. त्यांची जळगावला बदली झाल्यावर दुसरे रेक्टर आले, आचारी परत आला, आणि सगळं पहिल्यासारखं झालं, असं युसुफने मला फार वर्षांनी सांगितलं. तो एरंडोलच्या शाळेत मास्तर झाला होता. मला ते ऐकून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. अशा गोष्टी रोज नव्याने कराव्या लागतात, आणि माणसं थकतात.

त्याच संक्रांतीच्या सुमारास एके दिवशी निरोप आला की पुजारा उठून बसला. भावसिंग गावाला गेला आणि परत आला तो पाठीवर गाठोडं घेऊन. त्यात नवी ज्वारी होती. त्याच्या बापाने पाठवली होती. नवाईत देवानंतर शेजाऱ्याचा वाटा असतो. जे माझ्या मुलासाठी थांबले ते शेजारीच, असा त्याने निरोप दिला होता. ती सगळ्यांनी थोडी थोडी खायची. सखूबाईने गाठोड्याला हात लावायला नकार दिला. गिरणीत दुसऱ्याच्या दळणात मिसळेल म्हणून तिथे न्यायची नव्हती. भावसिंग ते घेऊन आमच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्या दारातून आत तो कधी आला नव्हता, त्याला कुणी ये म्हटलंही नव्हतं. एक चूल हॉस्टेलची होती. घरातली चूल मायची होती, आणि तिथे नानांचंही काही चालत नसे.

माय गाठोड्याकडे बघत राहिली. मला भीती वाटली, ती काही तरी बोलेल आणि महिनाभराचं सगळं पाण्यात जाईल. मग तिने सुजलेल्या हाताने जातं ओढलं आणि मला म्हणाली, "बस समोर." आम्ही दोघींनी ती ज्वारी दळली. ती ओवी वगैरे काही म्हणाली नाही, नुसता जात्याचा आवाज. पीठ तिने आमच्या गावाहून आलेल्या नव्या ज्वारीच्या मोठ्या पिठात मिसळलं. पण भाकरी करून झाल्यावर मी पाहिलं, आदल्या दिवशीच्या जुन्या ज्वारीच्या दोन भाकरी तिने एका फडक्यात बांधून आपल्या बाजूला ठेवल्या. मला समजलं. सगळ्यांना रांधून घालायचं ते तिने केलं होतं. पावऱ्यांच्या घरचं स्वतः खायचं नाही, एवढं तिने स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. मला राग आला आणि तिची कीवही आली, आणि त्या दोन्हींपैकी काय धरावं ते सुचेना.

पंगत मागच्या रिकाम्या जागेतच बसली. वांगी पुन्हा भाजली होती. या वेळी नानांनी भाषण केलं नाही. भावसिंगने पहिला तुकडा तोंडात घातला, मग सुकलालने, मग सगळ्यांनी. भुकेली होती पोरं. माय चुलीजवळच दमून बसली होती. सगळ्यांना वाढून झालं तसं तिने फडकं सोडलं आणि जुनी, वाळलेली भाकर हातात घेतली. भावसिंग भाकरींची टोपली घेऊन तिला वाढायला आला होता. त्याने तिच्या हातातली भाकर पाहिली. मला वाटलं, आता हा मुलगा पुन्हा खाली मान घालेल.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि साध्या, हळू आवाजात म्हणाला, "आई, तुमच्या गावची नवाई अजून व्हायची आहे का?"

तो खरंच तसं समजला होता की त्याला सगळं कळलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मायने त्याच्याकडे पाहिलं. दुसरं कारण शोधायचं त्राण तिच्यात नव्हतं किंवा तिला ते नको होतं. ती म्हणाली, "व्हय बाप्पा. अजून नही झाली."

"बरं," भावसिंग म्हणाला. "मग आम्ही थांबतो." त्याने टोपली खाली ठेवली, आपल्या जागेवर जाऊन बसला आणि पानावरचा हात मागे घेतला. सुकलालने त्याला काय झालं म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. सुकलालने मायकडे एकदा पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि तोही थांबला. मग ते ओळीने पुढे गेलं. ज्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं तेही शेजाऱ्याकडे बघून थांबले. नाना उभे होते ते तसेच राहिले. भरितावरून वाफ निघत होती.

"खा ना रे बापहो," माय म्हणाली. "निवून राह्यलं."

कुणी हललं नाही. रागाने नाही. महिनाभर थांबायची सवय झालेली ती मुलं होती, आणखी थोडं थांबायला त्यांना काहीच वाटत नव्हतं. मायने सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. तिच्या कपाळावर पिठाचा हात लागलेला होता. तिने हातातली जुनी भाकर फडक्यावर ठेवली, टोपलीतली वरची भाकर घेतली, कडेचा तुकडा मोडला, भरिताला लावून तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली. "इंदू, मीठ आन."